छत उघडलं की बास जातो कुठे?

प्रश्न : माझ्याकडे जुनी कन्व्हर्टिबल आहे. छत बंद असताना गाणी बरी वाजतात पण छत उघडून हायवेला लागलं की बास गायब होतो, आणि आवाज वाढवला तर दरवाजातले स्पीकर चिरकायला लागतात. दुकानात सांगतात डिकीत मोठा सबवूफर (फक्त बाससाठीचा स्पीकर) आणि हजार वॅटचा अ‍ॅम्प टाका. तेवढा खर्च झेपणार नाही. कमी पैशात काही होईल का?

उत्तर : होईल, नक्की होईल, फक्त तो डिकीतला सबवूफर आत्ता घेऊ नका. बंद गाडी म्हणजे एक छोटी खोली असते आणि तिच्यात खालचे सूर आपोआप फुगतात. छत उघडलं की ती खोलीच राहत नाही. वर वाऱ्याचा आणि टायरचा घोंघाट, तोही मुख्यतः खालच्या सुरांचाच, म्हणजे नेमका बासच्याच जागेवर येऊन बसतो आणि बासला झाकून टाकतो. मग आपण बासचं बटण पिळतो, छोट्या स्पीकरला ते पेलत नाही आणि तो चिरकतो. तुमच्याकडे अगदी हेच होतंय.

तर आधी घोंघाट कमी करा. चारही काचा वर घ्या, सीटच्या मागे विंड डिफ्लेक्टर (वारा अडवणारी जाळी) लावा, मागून उलटा फिरून मानेवर येणारा वारा त्याने अडतो. खर्चाच्या मानाने एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

मग तपासा पोलॅरिटी, म्हणजे स्पीकरच्या वायरींचं प्लस-मायनस. मी जुनी गाडी घेतली तेव्हा जवळपास वर्षभर वाटायचं की स्पीकरच हलके आहेत, शेवटी दरवाजा उघडला तर आधी कोणीतरी डाव्या स्पीकरचं प्लस-मायनस उलटं जोडलेलं. अशा वेळी एका स्पीकरचा पडदा बाहेर ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा आत ओढतो आणि बास हवेतच कापला जातो. तपासायला रिमोटमधला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. स्पीकरच्या वायरी स्टिरिओपासून सोडवा (हे आधी, जोडलेल्या असताना सेल लावायचा नाही), मग स्टिरिओकडच्या टोकांना सेल क्षणभर टेकवा, प्लसच्या वायरीला प्लस. टक् आवाज येऊन पडदा बाहेर आला पाहिजे. एका दरवाजात बाहेर आणि दुसऱ्यात आत जात असेल तर चोर सापडला, त्या बाजूच्या वायरी अदलाबदल करा. वायरी सरळ झाल्यावर मी पहिलं गाणं लावलं तेव्हा बास असा समोर येऊन बसला की मी गाडी चालूच केली नाही, तिथेच बसून तीन गाणी ऐकली.

दरवाजाचं पॅनल निघालंच आहे तर तिथलंही काम उरकून घ्या. स्पीकर पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो, आणि दरवाजातल्या भोकांतून तो मागचा आवाज पुढे आला की दोघं एकमेकांना खातात. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारा रबरी थर) चिकटवा, आतली भोकं बंद करा, स्पीकर आणि पॅनलच्या मधल्या फटीला फोमची रिंग लावा. खाली पाणी निघायला भोकं असतात ती मात्र मोकळी राहू द्या, नाहीतर दरवाजा गंजेल. आणि काही गाड्यांत साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दरवाजातच असतो, तसं असेल तर भोकं बंद करायच्या भानगडीत पडू नका.

एवढं करून कमी वाटलं तरच नवे स्पीकर. बॉक्सवरचे वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढवायला पॉवर दुप्पट लागते, त्यामुळे ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये जे देतो त्यासाठी ८६ वाल्याला ८० वॅट पाजावे लागतात. आणि स्टिरिओवर '५० गुणिले ४' छापलेलं असलं तरी त्यातून खरे, सलग मिळणारे वॅट चॅनलमागे, म्हणजे एका स्पीकरच्या वाटेमागे, २० च्या आसपासच असतात. पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडेची रिंग रबरची घ्या, उघड्या गाडीत ऊन आणि दमट हवा कागद आणि फोमला फार टिकू देत नाही.

शेवटी छोटा चार चॅनलचा, कमी वीज खाणारा क्लास डी अ‍ॅम्प, चॅनलमागे खरे ५० वॅट पुष्कळ झाले. त्याचा हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या हद्दीखालचे सूर अडवणारा) ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा म्हणजे छोट्या स्पीकरवरचं बासचं ओझं उतरतं आणि तो चिरकायचा थांबतो. बॅटरीकडून येणाऱ्या वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, यात काटकसर नको, आग लागू शकते. इक्वलायझरचे दोन सेटिंग सेव्ह करा, एक छत बंदचं आणि एक उघड्याचं. उघड्यात बास थोडा कमी करून २ ते ४ किलोहर्ट्झ किंचित वर घ्या, शब्द वाऱ्यातून सुटून बाहेर येतात.

प्रश्न : सीटखाली बसणारा छोटा सबवूफर चालेल का? आणि हेडरेस्टमधल्या स्पीकरचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : दोन्ही चालतील, डिकीतल्यापेक्षा कितीतरी बरे. बऱ्याच कन्व्हर्टिबलमध्ये डिकी आणि सीटच्या मधे जाड पत्रा असतो, त्यामुळे डिकीतला बास डिकीतच घुमत राहतो, शिवाय छत घडी झालं की जागा उरत नाही ते वेगळंच. सीटखालचा ८ इंची पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प असलेला) सबवूफर शरीराजवळ असतो, बास सीटमधून पाठीला जाणवतो. फक्त सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही.

हेडरेस्टची कल्पना जुनीच आहे, माझदाच्या १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या मियाटात असे स्पीकर मिळायचे. उघड्यावर अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणून कानामागचा छोटासा स्पीकरही वाऱ्यावर मात करतो. बास मात्र त्याच्याकडून मागू नका, आणि आवाज बेताचाच ठेवा, ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास ही कानांसाठीची सुरक्षित मर्यादा धरली तर ८८ ला ती ४ तासांवर येते आणि वाऱ्याने कान आधीच थकलेले असतात.

वायरी ओढून झाल्या की पॅनल बसवायच्या आधी छत एकदा सावकाश पूर्ण उघडून बंद करून बघा, घडीच्या सांध्यात एखादी वायर आली तर ती तिथेच कापली जाते.