हरणाच्या शिंगाचे फाटे मोजून त्याचं वय सांगता येतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ‘जितके फाटे तितकी वर्षं’ हे खरं का, आणि नर म्हातारा होत जातो तशी त्याची शिंगं कशी बदलतात. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो: नाही. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

मी पशुवैद्यक आहे. काही वर्षं बंदिस्त कुरणातल्या चितळांची देखभाल माझ्याकडे होती. त्यातला एक नर पाडस असल्यापासून माझ्या डोळ्यांदेखत वाढला. त्याची गळून पडलेली शिंगं आम्ही दर वर्षी चिठ्ठी बांधून ठेवायचो. एकदा सगळ्या जोड्या फरशीवर ओळीने मांडल्या. पहिली जोडी म्हणजे नुसते वीतभर सुळके, फाटा एकही नाही. दुसऱ्या जोडीला प्रत्येकी तीन टोकं, पण दांडा छडीसारखा बारीक. तिसऱ्या जोडीलाही तीनच. पाचवीलाही तीन. चितळाच्या शिंगाचा साचाच तो आहे: बुंध्यापाशी कपाळावरून पुढे येणारा एक फाटा आणि शेंड्याला दोन. सांबराचंही तसंच. दोन्ही शिंगांची मिळून टोकं झाली सहा. म्हणजे फाटे मोजणाऱ्याच्या हिशेबाने आमचा नर दुसऱ्या जोडीलाच सहा वर्षांचा झाला, आणि पुढे वर्षानुवर्षं सहाचाच राहिला!

हा समज बहुधा दुसऱ्याच प्राण्यांवरून आला असावा. मराठीत आपण काळविटालाही हरीण म्हणतो आणि चितळालाही, पण दोघांच्या शिंगांत जमीन-अस्मानाचा फरक. काळवीट, चिंकारा, शेळ्या-मेंढ्या यांची शिंगं म्हणजे हाडाच्या गाभ्यावर नखासारख्या द्रव्याचं आवरण. ती गळत नाहीत, जन्मभर बुडातून वाढत राहतात. काही रानबकऱ्यांच्या शिंगांवर तर वर्षागणिक कडी उमटतात आणि ती मोजून वय काढतातही. (काळविटाच्या शिंगावरच्या वळ्यांना मात्र हे लागू नाही, त्या वर्षांच्या खुणा नव्हेत.) चितळ, सांबर, बारशिंगा यांची शिंगं निव्वळ हाड. ती दर वर्षी गळतात आणि पुन्हा शून्यापासून उगवतात. जे दर वर्षी टाकूनच दिलं जातं, त्यावर गेल्या वर्षांचा हिशेब कुठून राहणार?

शिंग उगवतं कसं, हे थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. कवटीवर दोन हाडाचे खुंट असतात, ते कायमचे. त्यांवर नवं शिंग फुटतं तेव्हा ते लवदार, मखमलीसारख्या कातडीत गुंडाळलेलं असतं. हात लावला तर गरम लागतं, कारण आत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वाढ अचाट वेगाची असते, मोठ्या जातींत दिवसाला दोन सेंटिमीटरच्या आसपास. सस्तन प्राण्यांत इतक्या झपाट्याने वाढणारं दुसरं हाड नाही. एवढं कॅल्शियम रोजच्या चाऱ्यातून पुरत नाही, म्हणून नर ते स्वतःच्या बरगड्यांसारख्या हाडांतून उसनं काढतो आणि नंतर खाऊन भरपाई करतो. पुढे टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक वाढलं की शिंग घट्ट होतं, मखमल वाळते आणि नर ती झुडपांवर घासून काढतो. माजाचा हंगाम सरला, टेस्टोस्टेरॉन उतरलं, की खुंट आणि शिंग यांच्या सांध्यातलं हाड विरघळतं आणि शिंग पडतं.

हा सगळा खर्च शरीराच्या शिलकीतून होतो, आणि वयाचा संबंध येतो तो इथे. कोवळ्या नराचं शरीर अजून भरत असतं. आधी सांगाडा आणि स्नायू, उरलं तर शिंग. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा सांगाडा साधारण चौथ्या वर्षापर्यंत भरत राहतो, आणि शिंगं ऐन भरात येतात ती पाचव्या ते सातव्या वर्षांत. युरोपातल्या तांबड्या हरणाचा भर त्याहून उशिरा येतो.

या चढाच्या काळात फाट्यांपेक्षा बुंधा बघा. आमच्या ओळीतही लांबीने सुरुवातीला भराभर उडी मारली आणि मग ती जवळजवळ थबकली, पण बुंधा त्यानंतरही जाड होत राहिला. चौथी जोडी आणि सहावी जोडी शेजारी ठेवली तर उंचीत बोटभर फरक, पण उचलून बघितली की सहावी हाताला लगेच जड लागायची. बुंध्याभोवतीचं दाणेदार कडं रुंद झालेलं, त्याच्या वरच्या भागावर खरखरीत दाणे आणि खोल पन्हळी उमटलेल्या. या पन्हळी म्हणजे मखमलीतल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. कोवळ्या शिंगावर त्या जेमतेम दिसतात.

आणखी एक खूण लोकांच्या नजरेतून सुटते. शिंग पडताना दर वेळी खुंटाचा थोडासा भागही जातो. त्यामुळे खुंट वर्षागणिक आखूड आणि जाड होत जातो. तरुण नराचं शिंग डोक्यावर उंच उभं दिसतं. जुन्या नराचं कडं जवळपास कवटीवर टेकलेलं दिसतं, जणू शिंग थेट कपाळातून फुटलंय. मला विचाराल तर जिवंत नराकडे लांबून बघताना फाट्यांपेक्षा हीच खूण जास्त भरवशाची. जोडीला शरीर बघायचं: जाड मान, खाली झुकलेलं पोट, आणि चाल, जी वाढत्या वयात संथ होते.

मग उतार लागतो. तो चढासारखा सरळ नसतो. आधी वजन घटतं, शेंडे आखडतात. तांबड्या हरणाच्या जुन्या नरांत शेंड्याकडचे फाटे एकेक करून नाहीसे होतात, आणि एके काळी बारा टोकं मिरवणारा नर पुढे आठ-दहावर येतो. जाडी खाली बुंध्याकडे साचते आणि वरचा भाग रोडावतो. डावं-उजवं जुळेनासं होतं, कुठे वाकडातिकडा आगंतुक फाटा फुटतो. आमच्या नराच्या दहाव्या जोडीत डाव्या शिंगाच्या शेंड्याचं एक टोक नुसत्या गाठीएवढं होतं. बुंधा मात्र तेव्हाही पाचव्या जोडीपेक्षा जाडच! म्हणून नुसती लांबी मोजणारा माणूस इथे हमखास फसतो: चढावरचा चार वर्षांचा नर आणि उतारावरचा अकरा वर्षांचा नर, दोघांच्या शिंगांची लांबी सारखी भरू शकते.

पण शिंग वेडंवाकडं दिसलं की लगेच ‘म्हातारा’ म्हणू नका. मखमलीत असताना शिंगाला मार लागला तर त्या वर्षापुरतं ते बिघडतं. मार खुंटाला बसला तर बिघाड पुढेही वर्षानुवर्षं दिसत राहतो. त्याहून चमत्कारिक म्हणजे मागचा पाय मोडला की पुष्कळदा विरुद्ध बाजूचं शिंग खुरटतं: उजवा पाय, डावं शिंग. आणि लहानपणी नर खच्ची झाला तर शिंगं फुटतच नाहीत. मोठेपणी झाला तर असलेली गळतात, नवी येतात ती मखमलीतच राहतात, ना घट्ट होतात ना घासली जातात.

वय सारखं असूनही शिंगं वेगळी दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चारा. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन नरांपैकी भरपूर चाऱ्यावर वाढलेल्याला पहिल्याच वेळी फाटे फुटू शकतात आणि उपासमारीत वाढलेल्याला नुसते सुळके येतात. उशिरा जन्मलेलं पाडसही पहिल्या वर्षी मागे पडतं. पांढऱ्या शेपटीच्या हरणांत तर पहिल्याच जोडीला सुळक्यांपासून आठ टोकांपर्यंत काहीही दिसतं. अशा सुळकेवाल्याला ‘वाणच हलकं’ म्हणून निकालात काढणारे लोक मी पाहिलेत. मला ते पटत नाही. पोटभर मिळालं तर त्यातले बरेच पुढे बरोबरी गाठतात. वाणाचा भाग आहेच, पण तो शिंगाचा आकार, फाट्यांची ठेवण यांत जास्त दिसतो.

वयानुसार आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे शिंग गळण्याची वेळ. थंड प्रदेशातल्या जातींत मोठे नर आधी मोकळे होतात, पोरगेले नंतर. रेनडिअरमध्ये तर हे फार स्पष्ट दिसतं: माज संपताच मोठ्या नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडाशीच जातात, तरुणांची बरीच नंतर. (रेनडिअरच्या माद्यांनाही शिंगं असतात, आणि गाभण मादी ती वीण होईपर्यंत टिकवते.) चितळात मात्र प्रत्येक नराचं वेळापत्रक बरंचसं स्वतःचं. एकाच कळपात एक मखमलीत, एक घट्ट शिंगांचा आणि एक बोडका, असे तिघं एकदम दिसतात. तिथे गळण्याच्या महिन्यावरून वयाचा काहीच अंदाज बांधता येत नाही.

वय पक्कं हवं असेल तर दात बघावे लागतात. दुधाचे दात पडून पक्के कधी येतात आणि दाढा किती झिजल्यात, यावरून पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं वय काढायची पद्धत 1949 साली प्रसिद्ध झाली, ती आजही वापरतात. दाताच्या मुळावरच्या थरांचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून वर्षं मोजण्याचीही रीत आहे. झाडाच्या वलयांसारखा खरा हिशेब तिथे असतो, शिंगात नाही.

आमचा नर गेला तेव्हा मी त्याचा जबडा तपासला. दाढांचे उंचवटे पार झिजून सपाट झाले होते, एक तर हिरडीशी आली होती. चारा नीट दळलाच जात नव्हता, तर अंगाला काय लागणार! दहाव्या जोडीतल्या त्या गाठीएवढ्या टोकाचं कारण मला त्या जबड्यात दिसलं.