ओपन सोर्स कोड ठेवायच्या साइटच्याच अटी जाचक असतील, तर कोड तिथे ठेवावा का?

ठेवा. फक्त कोड हाताशी आहे एवढ्याच भरवशावर निर्धास्त राहू नका.

तुमचा मुद्दा असा की, कोडला 'कुणीही वापरा, बदला' असं लायसन्स दिलंय, मग साइट 'आम्ही कधीही खातं बंद करू' असं कसं म्हणू शकते? मी कोपरखैरण्यात राहतो, म्हणून इथलंच उदाहरण देतो. घर आमच्या नावावर आहे, भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही. पण जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर; घर विकायचं म्हटलं की सिडकोची एनओसी आणि हस्तांतरण शुल्क आलंच. लायसन्स हा घराचा कागद, साइटच्या अटी हा जमिनीचा. ओपन सोर्सच्या व्याख्येत माणसामाणसांत भेदभाव नको असं साफ म्हटलंय, पण ते बंधन लायसन्सवर आहे, साइटवर नाही.

म्हणून तर जानेवारी २०१० मध्ये सोर्सफोर्ज या कोड ठेवायच्या साइटने अमेरिकी निर्बंधांचं कारण देऊन क्यूबा, इराण, उत्तर कोरिया, सुदान आणि सीरियातल्या लोकांना दार बंद केलं. लायसन्स जीपीएलसारखं खुलं असो की आणखी काही, डाउनलोड होईना. ओरड झाल्यावर महिन्याभरात त्यांनी निर्णय प्रकल्पवाल्यांवर सोपवला. २०१९ मध्ये गिटहब या तसल्याच दुसऱ्या साइटनेही त्याच निर्बंधांपायी इराण, सीरिया, क्रिमियातल्या खात्यांवर बंधनं घातली; इराणपुरती अमेरिकी सरकारची परवानगी मिळाली ती थेट जानेवारी २०२१ मध्ये. (आपणही सुटलो नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशाने ३२ साइट अडवल्या गेल्या, त्यात गिटहब होतं. ते अटींमुळे नव्हे, सरकारमुळे. पण साइट उघडत नाही म्हटल्यावर आपल्याला फरक काय पडतो?)

गंमत म्हणजे गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचा, जन्मच असल्या अटीतून झाला. लिनक्स कर्नलवाले (लिनक्सचा गाभा लिहिणारे) बिटकीपर हे तसलंच एका कंपनीचं साधन फुकटात वापरायचे, पण वापरणाऱ्याने त्याच्या स्पर्धेतलं साधन बनवायचं नाही, ही अट होती. त्यावरून फाटलं, फुकट वापर बंद झाला आणि एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. आज पूर्ण क्लोन केला, म्हणजे अख्खी प्रत उतरवली, की सगळा इतिहास तुमच्या लॅपटॉपवर येतो. त्यामुळे साइट रुसली तरी कोड बुडत नाही.

बुडतं ते बाकीचं. हे अनुभवाने सांगतोय. आम्ही चौघांनी ठाणे-वाशी लोकलचं वेळापत्रक नेटशिवाय दाखवणारं एक छोटं अ‍ॅप केलं होतं. ग्रुपच्या नावाने हवं म्हणून मी माझं दुसरं फुकट खातं काढलं. एका माणसाला एकच फुकट खातं, ही अट आमच्यापैकी कुणीच वाचली नव्हती. चूक आमची, वाद नाही. पण एका सोमवारी खातं बंद, आणि मेलला उत्तर आलं तीन आठवड्यांनी, तेही ठोकळेबाज. कोड तिघांच्या लॅपटॉपवर होता, त्याच संध्याकाळी दुसऱ्या साइटवर चढवला. इश्यू, म्हणजे साइटवर नोंदवलेल्या तक्रारी आणि त्यावरची चर्चा, मात्र गेले. 'रविवारी मेगाब्लॉकला नसलेली गाडी दाखवतंय' छापाच्या तक्रारी, लोकांनी काढलेले फोटो, त्याखालची आमची भांडणं, आठ महिन्यांचं सगळं.

तेव्हा अटी वाचताना खातं कशाने बंद होतं आणि आधी सूचना मिळते का, हे आधी पाहा. लायसन्सची फाइल टाकायला विसरू नका: गिटहबवर रेपो (प्रकल्पाचं कोडघर) सार्वजनिक केला की तिथल्या लोकांना तो पाहायची आणि फोर्क करायची (तिथेच स्वतःची प्रत काढायची) मुभा अटींतूनच मिळते, पण त्यापुढचा वापर लायसन्सवरच ठरतो. दुसऱ्या एखाद्या साइटवर आरसा, म्हणजे कोडची तशीच प्रत, ठेवा. कोडबर्ग ही साइट बर्लिनच्या ना-नफा संस्थेची आहे, आम्ही तीच घेतली. अटी तिथेही आहेतच, मुक्त लायसन्सचाच कोड लागतो. इश्यू एपीआयमधून (साइटने प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातून) काढून आठवड्याला फाइलींत उतरवा. स्वतःचा सर्व्हर चालवा असं सुचवणारे भेटतील. चौघांच्या प्रकल्पासाठी मी ती डोकेदुखी घेणार नाही.

आणि लोकांना द्यायचा पत्ता स्वतःच्या डोमेनचाच द्या. आमच्या क्यूआर कोडमध्ये साइटचा पत्ता होता. तुर्भे स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर आमचा तो स्टिकर अजून चिकटलेला आहे. स्कॅन केला की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', येतो.