फुकटचा २०४८ असताना थ्रीजला पैसे द्यावेत का?

प्रश्न: ताई, मी रोज मंडईला मेट्रोत बसतो ते थेट पिंपरी, आणि तेवढ्या वेळात मोबाईलवर २०४८ खेळतो, तो सारख्या आकड्यांचे ठोकळे सरकवून एकमेकांत जोडायचा गेम. ॲप फुकट आहे पण दर डावानंतर जाहिरात, आणि आता ती काढायला पैसे मागतंय. ऑफिसातला मित्र म्हणतो त्यापेक्षा थ्रीज घे, मूळ गेम तोच आहे. स्टोअरवर एकासारखे एक इतके गेम दिसतात की काही कळत नाही. कशाला पैसे देऊ?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: मित्र बरोबर सांगतोय. थ्रीज आला फेब्रुवारी २०१४ मध्ये, ॲशर व्हॉल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी जवळपास १४ महिने खपून बनवलेला, आणि लगेच त्याच्यासारखे गेम यायला लागले. २०४८ त्यातलाच, इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने शनिवार-रविवारात लिहिला आणि मार्चमध्ये वेबवर फुकट ठेवून दिला, कोडसकट. त्यामुळे कुणीही तो उचलतं, रंग बदलतं, जाहिराती चिकटवतं आणि स्टोअरवर टाकतं. अशा ॲपला पैसे देऊ नका, अगदी स्पष्ट सांगते.

खेळायला मात्र दोन्ही फार वेगळे आहेत. २०४८ मध्ये बोट सरकवलं की ठोकळे थेट भिंतीपर्यंत जातात, मोठा आकडा कोपऱ्यात दाबून ठेवायचा आणि दोन-तीन दिशांनाच सरकवत राहायचं, बरंच पुढे जाता येतं. थ्रीजमध्ये ठोकळा एकावेळी एकच घर सरकतो, १ ला २ च लागतो, १ आणि १ जुळतच नाहीत, ३ पासून पुढे सारख्याला सारखा. पुढचा ठोकळा कसला येणार ते वर आधी दिसतं, म्हणून प्रत्येक चालीला खरंच विचार करावासा वाटतो. मी सुरुवातीला नुसते १ साठवून बसायचे, २ येईचना आणि बोर्ड भरायचा, आठवडाभर तेच चाललं पण मग जे लागलं ते सुटलंच नाही. मला विचाराल तर पैसे थ्रीजलाच द्या.

घ्यायच्या आधी एवढं करा. थ्रीजची जाहिरातवाली फुकट आवृत्ती २०१५ मध्ये आली होती, ती तुमच्या फोनवर मिळते का बघा आणि चार दिवस खेळा. विकतचा घेताना बनवणारे म्हणून सिर्वो (थ्रीजवाल्यांची कंपनी) हे नाव आहे ना ते तपासा. गूगल प्लेवरून घेतलात तर ४८ तासांच्या आत पैसे परत मागता येतात, तेव्हा त्याच दिवशी विमान मोड लावून दोन डाव खेळा, म्हणजे नेटवर्क नसताना चालतो का ते कळेल, शिवाजीनगरपर्यंत तुमची मेट्रो जमिनीखालूनच जाते. आणि पैसे एकदाच की दर आठवड्याला हे नीट वाचा हं, मी एका कोड्याच्या ॲपमध्ये घाईत बटण दाबलं, आवडलं नाही म्हणून ॲप डिलीट केलं, तरी पैसे कापले जात राहिले, कारण सबस्क्रिप्शन स्टोअरमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं.

थ्रीज घेतलात तर पहिले पंधरा दिवस २०४८ उघडू नका, ठोकळा भिंतीपर्यंत ढकलायची बोटांची सवय तिथे फार नडते.