नीट नाही, म्हणून खूळ?

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने दोनदा नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली, सरकारी कॉलेजपुरते गुण पडले नाहीत. आता तिसऱ्यांदा तिला लातूरला क्लासला ठेवायचं घरात ठरलंय. तिला मात्र रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर संशोधन करायचंय. ‘डॉक्टर न होता आजारावर काम कसं करणार? हे खूळ कसं काढावं?’ असं वडील विचारतात.

नमस्कार. मला गुणांपेक्षा दुसरंच खटकलं. ‘अभ्यास बुडू नये म्हणून तिला चुलतभावाच्या साखरपुड्यालाही नेलं नाही’ हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय आणि पुढे जाता जाता, ‘हल्ली जेवताना बोलत नाही.’ या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे, साहेब. तो तुमच्या लक्षात आला नाही, याचीच मला काळजी वाटते. तिला झोप लागते का, हे आधी विचारा. गरज वाटली तर समुपदेशकाकडे न्या. लातूरचे पैसे सध्या भरू नका.

‘रक्तवाहिनी म्हणजे नळी, तुंबली की सर्जन मोकळी करतो, त्यात संशोधन कसलं?’ असं तुम्ही म्हणता. रक्तवाहिनीच्या आतून एका पेशीच्या जाडीचं जिवंत अस्तर असतं, एंडोथेलियम. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं की अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन दिल्यावर पट्टी सैल पडते आणि अस्तर खरवडलं तर सैल पडत नाही. या पेशी वाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड सोडतात, हे पुढे कळलं. त्याबद्दल १९९८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांपैकी फर्चगॉट आणि लुई इग्नारो हे वैद्यकीय डॉक्टर नव्हतेच. एकाची पीएच.डी. जीवरसायनशास्त्रातली, दुसऱ्याची औषधशास्त्रातली. म्हणजे डॉक्टर झाल्याशिवाय आजारावर काम करता येत नाही, हा तुमचा समज साफ चुकीचा आहे.

पत्राच्या तळाशी तिने पेन्सिलीने लिहिलंय, ‘धमनीला फाटा फुटतो तिथेच चरबी जास्त का साचते?’ बाळ, तिथे रक्त एकसारखं वाहत नाही, प्रवाह घोटाळतो. त्याने अस्तराचं काम बिघडतं, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत झिरपून अडकतं आणि पांढऱ्या पेशी तिथे चिकटू लागतात. ज्या आजीच्या हत्तीरोगाच्या पायाला तू रोज पट्टी बांधतेस, त्या पायात जंतांमुळे लसीकावाहिन्या, म्हणजे ऊतींमधलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या नळ्या, फुगल्या, झडपा निकामी झाल्या आणि पाणी परतेना. त्या वाहिन्यांनाही असंच पेशींचं अस्तर असतं. तुझा प्रश्न खुळा नाही. या विषयात अजून खूप शोधायचं बाकी आहे.

वाट सांगतो. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, पण बारावीचं वर्ष पात्रतेत बसतं का ते आधी बघा. नाहीतर सोलापुरातच बी.एस्सी., मग एम.एस्सी. आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथे पीएच.डी. करता येते.

पैशाचंही तिच्यापासून लपवू नका. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता मिळतो, पण कायम नोकरी लागेपर्यंत बहुतेकांची तिशी उलटते. हे तिला समोर बसवून सांगा आणि त्यावर ती काय म्हणते ते मध्ये न बोलता ऐका.