दीडपट वेगाने फ्रेंच राज्यक्रांती

प्रश्न: मी नेरूळला राहते, ठाण्यात एका पतपेढीत नोकरी करते. बी.कॉम. होऊन पंचवीस वर्षं उलटली. मुलीच्या आग्रहाने एका कॉलेजच्या ‘आधुनिक जगाचा इतिहास’ या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. गाडीत बसून दीडपट वेगाने व्हिडिओ बघते, क्विझमध्ये दहातले नऊ मिळतात. पण फ्रेंच राज्यक्रांती, व्हिएन्ना परिषद, १८४८ चे उठाव, इटलीचं एकीकरण, सगळ्याचा डोक्यात काला झालाय. आता असाइनमेंट आली आहे: ‘अमेरिकी यादवी युद्धाचे अमेरिकेबाहेर झालेले परिणाम’, आठशे शब्द. पान अजून कोरं. शंका विचारली तर उत्तर येत नाही, इंग्रजीही बेताचं. सोडून देऊ का?

उत्तर: सोडू नका, पण तो दीडपट वेग आजच बंद करा. घणसोलीला नेपोलियन एल्बावर जातो, ऐरोलीला परत येतो आणि ठाणे यायच्या आत वॉटर्लूला हरतो, मग काला होणार नाही तर काय! क्विझच्या नऊ मार्कांवरही फार विसंबू नका. चार पर्याय समोर असले की माहीत असलेलं नाव आपण बरोबर टिपतो. लग्नात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण हे नेमके कोण लागतात ते सांगता येत नाही, तसं ते आहे. असाइनमेंट नातं विचारते.

आणि विषय तर तुम्हाला झकास मिळालाय. तुम्ही रोज उतरता त्या स्टेशनापासूनच सुरुवात करा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. रेल्वे घातली कशासाठी, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेवर लांबलचक टिपण लिहिलं. त्यात फौजा हलवण्याची सोय आहे, विलायती माल खपवण्याची आहे, आणि इंग्लंडला कापूस हवाय, तो इथे पिकतो, पण बंदरापर्यंत आणायची धड सोय नाही, हेही त्याने आडपडदा न ठेवता मांडलंय. ठाणे हा पहिला टप्पा होता. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरणीवाल्यांचा डोळा होता घाटापलीकडच्या कापसावर.

त्यांच्या गिरण्या चालत त्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांनी वेचलेल्या कापसावर. १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर-दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं, राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि तो कापूस अडला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, कामगारांच्या चुली विझल्या. इकडे मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. आलेला पैसा घालायचा कुठे, हाच प्रश्न! बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा सुरू झाला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ती बातमी इथे पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै हा सौद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस. त्या दिवशी भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. कापसाचे आणि शेअरांचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद हे त्यातलं सगळ्यांत मोठं नाव. त्यांनी तेजीच्या काळात, १८६४ मध्ये, मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर झाला. तो पुरा व्हायला १८७८ उजाडलं. तेजी तोवर कधीच बसली होती.

एवढं लिहिलंत तर पास व्हाल. पण याच्या पुढे जा. तेजीत शेतकऱ्यांना सावकार मागेल तेवढं कर्ज देत होते, मंदी येताच त्यांनी हात आखडता घेतला आणि जुनी बाकी वसूल करायला लागले. त्यात सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तुम्ही पतपेढीत आहात. कर्ज कधी हसत मिळतं आणि कधी दारातून परत पाठवतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते ज्ञान इथे वापरा.

मात्र अमेरिकेतली लढाई आणि सुप्याची होळी यांच्यात पट्टी धरून सरळ रेघ ओढू नका. मधे सारा आहे, सावकारी आहे, कोर्टकचेऱ्या आहेत. दंग्यानंतर सरकारने आयोग नेमला. सारा जास्त होता म्हणून हे घडलं का, हेही त्याला तपासायला सांगितलं होतं. आयोगाने साऱ्याला निर्दोष ठरवलं आणि खापर सावकारांवर फोडलं. सरकारनेच नेमलेला आयोग आणखी काय म्हणणार, ही शंका तुमच्या आठशे शब्दांत आली पाहिजे. मी तपासत असते तर निम्मे मार्क तिथेच दिले असते.

इंग्रजीचा बाऊ करू नका. आधी सगळं मराठीत लिहा, मग कोर्सच्या भाषेत आणा. विचार एकदा ठरला की वाक्यं छोटी असली तरी चालतात. व्हिडिओ घरी, साध्या वेगाने, वही घेऊन बघा. गाडीत फक्त उजळणी: कालच्या धड्यात काय झालं आणि का झालं, डोळे मिटून स्वतःला सांगायचं. आठवड्याला एक अस्सल कागद वाचा, कितीही लहान असो. ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या सभेने लिंकनला पत्र धाडलं: कापूस अडल्याने आमचे हाल होताहेत, तरी गुलामीविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूने. १९ जानेवारी १८६३ ला लिंकनने त्याला उत्तर दिलं. दोन्ही नेटवर मिळतात. शब्दकोश जवळ ठेवा आणि भिडा.

सालांसाठी वहीच्या पानावर दोन रकाने पाडा, तिकडचं आणि इकडचं. १८१५ ला व्हिएन्ना परिषद आटोपली, १८१८ ला पेशवाई. १८४८ ला पॅरिस-व्हिएन्नात उठाव, त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा. एकामुळे दुसरं घडलं असं अजिबात नाही, पण साल डोक्यातून जात नाही. १८६१ च्या ओळीत इटलीचं राज्य आणि अमेरिकेतलं युद्ध शेजारी शेजारी येतील.

शंकांचं म्हणाल, तर ‘हा भाग समजला नाही’ असं मोघम विचारलं की सगळेच गप्प बसतात. एका ओळीत, नेमका प्रश्न टाका. तरीही उत्तर नाही आलं तर बरोबरच्या दोघी-तिघींचा ग्रुप करा.

प्रश्न: मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर इतिहासाचा कोर्स केला की क्रेडिट मिळतात म्हणतो. खरं आहे का? (एक वडील, कळवा)

उत्तर: मिळू शकतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स असे ऑनलाइन करता येतात. पण त्याच्या कॉलेजने तो ठरावीक कोर्स मान्य केलेला असायला हवा. नाव घालण्याआधी कॉलेजकडून तसं लेखी घ्या, तोंडी ‘होईल हो’वर जाऊ नका. नावनोंदणी फुकट असते. क्रेडिट हवं तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी वेगळी.

प्रश्न: जगाच्या इतिहासावर मराठीत काय वाचू? (विद्यार्थिनी, वाशी)

उत्तर: मराठी विश्वकोशातल्या नोंदींपासून सुरुवात कर, नेटवर फुकट आहेत. नोंद वाचताना त्यात आलेली दुसरी नावंही उघडत जा, नुसत्या फ्रेंच राज्यक्रांतीवरून अर्धं युरोप हिंडून होईल. हिंदी चालत असेल तर इग्नूचं अभ्यासाचं साहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर आहे. पुस्तकच हातात हवं असेल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, १८९३ पासूनची संस्था आहे. तिथे ‘जगाचा इतिहास द्या’ म्हणू नकोस. देश आणि शतक सांग.