आयआरची नोकरी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: एमएसडब्ल्यू करून सातपूरच्या एका फोर्जिंग (तापलेलं लोखंड ठोकून घडवणाऱ्या) कारखान्यात आयआर, म्हणजे औद्योगिक संबंध विभागात रुजू होते आहे. पहिल्याच महिन्यात चार्जशीट लिहावी लागतील, असं सांगितलंय. कशाची काळजी घ्यावी? (वाचक, पाथर्डी फाटा)

उत्तर: चार्जशीट म्हणजे आरोपपत्र, निकाल नव्हे, हे आधी पक्कं करा. नव्या अधिकाऱ्याच्या हातून हमखास उतरणारं वाक्य असं असतं: ‘आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन करून शिस्तभंग केला आहे.’ यात घटना नाही, नुसतं मत आहे, आणि तेही ठरवून टाकलेलं. कोर्टात पहिला घाव इथेच बसतो. त्याऐवजी असं लिहा: ‘दि. १२ रोजी दुसऱ्या पाळीत, सायंकाळी सुमारे ७.४० वाजता, दोन टनी हॅमरजवळ शिफ्ट इनचार्जनी डाय बदलण्यास सांगितले असता आपण त्यांची कॉलर धरली.’ पुढे बोललेले शब्द जसेच्या तसे. शिवी असेल तर शिवीच लिहायची. संकोचून ‘अर्वाच्य शब्द’ लिहिलं की नेमकं काय म्हटलं ते सिद्ध करायला काही उरतच नाही. शेवटी स्थायी आदेशांचं (कारखान्याच्या सेवानियमांचं) कलम आणि ‘हे सिद्ध झाल्यास गैरवर्तन ठरते’ एवढंच.

सुपरवायझरचा लेखी रिपोर्ट त्याच पाळीत घ्या. तीन दिवसांनी, साहेबांशी बोलून लिहिलेला रिपोर्ट उलटतपासणीत टिकत नाही. साक्षीदार निवडताना शॉप फ्लोअरवर स्वतः उभं राहून बघा. हॅमर चालू असताना पाच-सात फुटांवरचं बोलणं कळत नाही. ‘तुम्ही होता कुठे आणि ऐकलंत कसं?’ या एका प्रश्नावर साक्ष कोसळते. अशा जागी पाहिलेल्या कृतीचा साक्षीदार हवा, ऐकलेल्या शब्दांचा नको. त्या पाळीचं मस्टर (हजेरीपट) आणि प्रॉडक्शन शीट बाजूला काढून ठेवा, म्हणजे साक्षीदार खरंच कामावर होता हे दाखवता येतं.

कामगाराने पत्र घ्यायला नकार दिला तर तसा शेरा मारून हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्या. मग घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि सूचना फलकावर. गाव चांदवडकडचं आणि राहणं अंबडच्या भाड्याच्या खोलीत, असं नेहमीच असतं. पत्र दोन्ही पत्त्यांवर जाऊ द्या. भाषा त्याला कळेल ती, म्हणजे मराठी किंवा हिंदी.

चौकशी अधिकारी साक्षीदारही नसावा आणि चार्जशीटवर सही करणाराही नसावा. कामगाराला प्रतिनिधी घेऊ द्या. कामकाजाच्या प्रत्येक पानावर सह्या, प्रत त्याच दिवशी हातात. उलटतपासणी नको म्हणाला तरी ‘संधी दिली, नकार दिला’ असं नोंदवा. एकदा गैरहजर राहिला म्हणून लगेच एकतर्फी चालवू नका, पुढची तारीख लेखी कळवा.

निलंबन असेल तर पहिल्या ९० दिवसांसाठी पगाराच्या ५० टक्के निर्वाह भत्ता, आणि त्यापुढचा उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निलंबनानंतर साधारण ९० दिवसांत चौकशी पुरी करण्याची अपेक्षा आहे. अकाउंट्सने भत्ता थकवला आणि त्यामुळे कामगाराला येता आलं नाही असं दिसलं, की उत्तम चाललेली चौकशीही पाण्यात जाते.

बडतर्फीआधी निष्कर्षाची प्रत देऊन त्याचं म्हणणं मागवा, जुनं रेकॉर्ड बघा. आणि एक गोष्ट विचाराच: पगारवाढीचा वाद समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, आहे का? असेल, आणि गैरवर्तनाचा त्या वादाशी संबंध नसेल, तर महिन्याचा पगार देऊन त्याच वेळी मंजुरीचा अर्ज करावा लागतो. संबंध असेल तर परवानगी आधी, कारवाई नंतर.

प्रश्न: या पदाची सुरुवात कुठून झाली? पूर्वी तर जॉबरच सगळं बघायचा म्हणतात. (निवृत्त कामगार, देवळाली गाव)

उत्तर: बरोबर. मुंबईच्या गिरण्यांत भरती, रजा, बदली सगळं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती होतं, त्यासाठी त्याला दस्तुरीही (लाच) द्यावी लागे. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात यावर उपाय म्हणून लेबर ऑफिसर नेमायला सांगितलं. १९३४च्या मुंबई कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता, तरी १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये संप झालेच. स्वतंत्र पर्सोनेल (कर्मचारी) विभाग तिथे १९४७ मध्ये आला. पुढच्याच वर्षीच्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आता नव्या सुरक्षा संहितेत हा आकडा २५० आहे.

अमेरिकेत हे पद रक्तपातातून पुढे आलं. एप्रिल १९१४ मध्ये कोलोरॅडो राज्यात लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका-मुलंही गेली. त्यानंतर रॉकफेलरांच्या कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न या पोलाद-कोळसा कंपनीत कॅनडाचे कामगारतज्ज्ञ मॅकेन्झी किंग यांनी कामगार प्रतिनिधींची योजना आखली आणि ती राबवायला क्लॅरेन्स हिक्स आले. हिक्स १९१७ मध्ये स्टँडर्ड ऑइलमध्ये गेले. प्रतिनिधी कामगारांचे, पण मांडव कंपनीचा, हा त्या योजनेतला दोष. कंपनीने पोसलेल्या संघटनांवर १९३५च्या वॅग्नर कायद्याने बंदी घातली. ‘आपली’ युनियन उभी करण्याचा मोह आजही काही व्यवस्थापनांना होतो, आणि ती युनियन पहिल्याच करारात कामगारांच्या मनातून उतरते.

प्रश्न: पगारवाढीच्या करारात कॉस्टिंग (खर्चाचा हिशोब) माझ्याकडे आलंय. चुकतं कुठे? (वाचक, सिन्नर)

उत्तर: बेसिकमध्ये हजार रुपये दिले म्हणजे खर्च हजार, असं धरण्यात. पूर्ण बेसिकवर पीएफ असेल तर १२ टक्क्यांनी १२० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद पंधरा भागिले सव्वीस या हिशोबाने महिन्याला सुमारे ४८, शिवाय दुप्पट दराचा ओव्हरटाइम आणि रजेचा पगार. वाढ भत्त्यात टाकून हे वाचवण्याची वाट आता अरुंद झाली आहे. एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेलेले भत्ते नव्या कामगार संहितांतल्या पगाराच्या व्याख्येने पगारातच धरले जातात. मागील सेवेच्या ग्रॅच्युइटीचा बोजाही नव्या शेवटच्या पगारावर वाढतो, तो बरेचदा कॉस्टिंगच्या शीटमध्ये नसतोच.

दुसरी चूक उत्पादनाच्या कलमात. ‘पाळीला इतके नग’ लिहिताना डाय (साचा) बदलायला लागणारा वेळ, वीज जाणं, बिलेट (कच्चा माल) न येणं यांचं काय, ते तिथेच लिहा. नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून रोज गेटवर वाद. आकडा मेंटेनन्स आणि युनियन कमिटी दोघांसमोर मोजून घ्या.

सही कुठे करायची? आपसातला करार, ज्याला जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलमावरून अजून सगळे ‘१८(१)’च म्हणतात, फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. कामगार उपायुक्त कार्यालयात समेटात झालेला ‘१२(३)’ युनियनबाहेरच्या कामगारांनाही लागू होतो. कलमांचे आकडे संहितेत बदलले, फरक तोच आहे. कारखान्यात दुसरी युनियन डोकं वर काढत असेल तर समेटातलाच करा.

प्रश्न: युनियनच्या लोकांबरोबर कँटीनमध्ये बसलं तर चालतं का? (नवा आयआर अधिकारी, अंबड)

उत्तर: चालतं. बसाच. बिल मात्र ज्याचं त्याने द्यावं, आणि कोणाच्या चार्जशीटचं काय होणार हे तिथे बोलू नये.