शिकारीला जाताना आणीबाणीचं कोणतं सामान सॅकमध्ये भरावं?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच, थंडीच्या दिवसांत, तीन दिवसांसाठी डोंगराळ जंगलात शिकारीला जाताय. परवाना, हंगाम, हद्द हे सगळं तपासलं असेल असं धरून चालतो.

तुमच्या प्रश्नातला 'सॅकमध्ये' हा शब्दच मला खटकतो. ट्रेकरची सॅक दिवसभर पाठीवर असते, शिकाऱ्याची नसते. सावज दिसलं की ती फांद्यांना घासते, आवाज करते, म्हणून आपण ती एखाद्या बुंध्याशी टेकवतो आणि वाकून पुढे सरकतो. मीही तेच केलं होतं. पन्नास पावलांचं काम वाटलं, पण जनावर डोंगराची धार ओलांडून पलीकडे उतरलं आणि त्याच्यामागे मीही. परत फिरलो तोवर अंधारलं होतं आणि चारी बाजूंना सगळी झाडं सारखीच. जॅकेट, हेडलॅम्प, लायटर, सगळं सॅकमध्ये. पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला, सुक्या पानांत रुतून बसलो आणि रात्र काढली. पाऊस आला असता तर निभावलं नसतं.

तेव्हापासून एक रात्र तगण्यापुरतं सामान माझ्या अंगावर असतं, म्हणजे चेनच्या खिशांत आणि कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये. सॅक हरवली तरी चालेल, अशा हिशेबाने ते निवडतो.

खरा शत्रू गारठा. त्यासाठी पारा शून्याखाली जावा लागत नाही. अंग घामाने किंवा पावसाने ओलं असेल आणि वारा सुटला असेल, तर 5 ते 10 अंशांतही शरीर झपाट्याने निवतं. म्हणून आतले कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. सुती बनियन ओलं झालं की अंगाची ऊब ओढून घेतं. पाऊचमध्ये कचऱ्याच्या दोन मोठ्या, जाड पिशव्या घडी करून ठेवा. एकीला डोक्यापुरतं भोक पाडून अंगावर घ्यायची, दुसरीत पानं कोंबून तिच्यावर बसायचं. चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट जरूर घ्या, पण ते फक्त अंगाची उष्णता परतवतं. खालून जमीन जी ऊब खेचते तिला ते अडवत नाही.

लायटर दोन घ्या, त्यातला एक आतल्या खिशात, अंगाला लागून. कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचा नीट वायू होत नाही आणि लायटर नुसता खटखट करत राहतो. सोबत पेट्रोलियम जेली चोळलेले कापसाचे बोळे एका डबीत ठेवा. ओल्या काटक्यांनाही पेट घ्यायला वेळ मिळतो.

गोळीची भीती सगळ्यांनाच असते. पण सावज साफ करताना बोटं गारठलेली, हात निसरडे आणि चाकू नुकताच पाजळलेला असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, हाताशी हवाच. हातापायाच्या जखमेतून रक्ताची धार लागली तर जखमेच्या वर 5 ते 7 सेंटीमीटरवर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत आवळायचा. वेळ लिहून ठेवायची आणि मधेच सैल करायचा नाही. एका हाताने बांधायचा सराव घरी करा. पहिल्यांदा अंधारात, थरथरत्या हाताने जमणार नाही.

मचाणावर बसणार असाल तर पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे पडलात तर झेलून धरणारे पट्टे, घाला आणि शिट्टी व फोन अंगावरच ठेवा. हार्नेसला लटकलेल्या माणसाला मचाणावरच्या पिशवीचा काही उपयोग नाही.

मदत मागायला हवेत तीन गोळ्या झाडाव्यात असं जुने लोक सांगतात. शिकारीच्या हंगामात गोळीचा आवाज ऐकून कोण धावत येणार? त्यापेक्षा शिट्टी बरी. तीन वेळा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीन वेळा. मोबाईलची रेंज नसेल तिथे पर्सनल लोकेटर बीकन घ्या. तो 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकेत पाठवतो आणि चालू केल्यावर किमान 24 तास चालतो. निघण्याआधी त्याची नोंदणी करा, म्हणजे संकेत कुणाचा हे बचाव पथकाला कळेल. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते. होकायंत्र बघताना रायफल बाजूला ठेवा, लोखंडाजवळ सुई भरकटते.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका, एका रात्रीच्या उपासाने कुणी मरत नाही. तयार किटमधले मासे पकडायचे गळ आणि फास तर मी सरळ काढून टाकतो. पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर मात्र रात्री कुशीत घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की तंतू चिरतात आणि बाहेरून काही कळत नाही.

आणि सॅक खाली ठेवावीच लागली, तर वरच्या फांदीला भडक नारिंगी रिबन बांधा आणि जीपीएसवर खूण करून मगच पुढे व्हा. माझी सॅक सकाळी सापडली. रात्री मी बसलो होतो तिथून ती शंभरेक पावलांवरच होती.